दीडशे जणांचं "होय"

या, पुढे सरका. चटई एवढी रिकामी आहे, भिंतीला कशाला चिकटताय? पेटी आज उघडणार नाही, घसा बसलाय. पण गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता माझा राग आला तर येऊ द्या, आवरू नका. मला स्वतःला तो पंचेचाळीस वर्षं येतो आहे.

रविवारची सकाळ. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आमचं दगडी चर्च. मी सव्वीस वर्षांचा, पाळकपदाची दीक्षा होऊन दोन महिने झालेले, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा झगा. समोर बाप्तिस्म्याचं पात्र, त्याच्या पलीकडे रजनी लोंढे तान्ह्या मुलाला घेऊन उभी. माझ्या हातून होणारा हा पहिलाच बाप्तिस्मा. पात्रातलं पाणी मी सकाळपासून दोनदा बदललं होतं, कुठे काडी-कचरा दिसायला नको म्हणून.

आईबापांची उत्तरं झाली. मी मंडळीकडे वळलो. सगळे उभे राहिले.

"या लेकराला आपलं मानून प्रभूच्या शिक्षणात वाढवण्याचं, त्याला कधी एकटं न सोडण्याचं वचन तुम्ही सर्व जण देवासमोर देता काय?"

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं. "होय, देवाच्या साहाय्याने देतो." पुस्तक न उघडताही सगळ्यांना येतं. दीडशे तोंडं उघडली, आणि त्यांच्या आधी बायकांच्या बाजूने, पहिल्या बाकावरून, एक खणखणीत आवाज आला.

"नाही."

दीडशे तोंडं तशीच उघडी राहिली.

सलोमीबाई बसलेल्या होत्या. सगळं चर्च उभं आणि त्या एकट्या बसून, काठी गुडघ्यांवर आडवी धरून.

मी खाली वाकून हळूच म्हणालो, "मावशी, उत्तर 'होय' असं आहे."

"मला पाठ आहे, पाळकसाहेब. तुमच्या जन्माच्या आधीपासून पाठ आहे. मी नाही म्हणते आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. कुणी "नाही" म्हटलं तर पाळकाने काय करायचं, हे त्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. शंभर वर्षांत तशी वेळच कुणावर आली नसणार.

आता या सलोमीबाई कोण, ते सांगायला हवं. जुन्या बायबलबाई. म्हणजे खेडोपाडी पायी हिंडून बायाबापड्यांना शास्त्र सांगणाऱ्या. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, मिशनच्या आवारात एक खोली. आणि त्यांचं कीर्तन! काय सांगू तुम्हाला. घरचा पैसा उडवून डुकरं राखायची वेळ आलेल्या उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं की त्याला परत येताना बघून म्हातारा बाप धोतराचा सोगा धरून रस्त्याने धावत सुटलेला तुम्हाला डोळ्यांपुढे दिसायचा. झांजा त्या स्वतः वाजवायच्या आणि धृपद लोकांकडून म्हणून घ्यायच्या. कुणी गप्प बसला की गाणं थांबवून नाव घेऊन विचारायच्या, "काय रे, तुझ्या घरचा पुत्र अजून डुकरांतच आहे का?" त्यांच्या कीर्तनासाठी मी सायकलवर अकरा-अकरा मैल गेलो आहे. माझ्या ओरडून केलेल्या अर्ध्या तासाच्या उपदेशापेक्षा त्यांची एक ओवी लोकांना जास्त लागते हे मला कळत होतं, आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. म्हणूनच त्या दिवशी राग दुप्पट आला. दुसऱ्या कुणी माझी उपासना नासवली असती तर एवढा आला नसता.

लोंढे पुढे आले. दिगंबर लोंढे, मंडळीचे चिटणीस, बाळाचे आजोबा. कोट घातलेला. बाहेर मांडवात बिर्याणीची डेग, पुण्याहून आलेले पाहुणे तिसऱ्या बाकापर्यंत.

"सलोमीबाई, तब्येत बरी नाही का? कुणीतरी बाहेर न्या रे यांना, वारा घाला."

"मला वारा नको, चिटणीस. मला एक उत्तर द्या, मी गप्प बसते. तुम्ही हे आज जे देताय, ते मागच्या खेपेला दिलेलं कुठंय?"

"काय दिलेलं?"

"वचन. नऊ वर्षांपूर्वी. याच पात्रापाशी. यमुनेची सुवार्ता."

चर्च एकदम गार झालं.

सुवार्ता तिथेच होती. सलोमीबाईंच्या शेजारी, ती मात्र उभी होती. नऊ वर्षांची, केसांना तेल चोपडलेलं, पायात दुसऱ्या कुणाच्या चपला. तिची आई यमुना मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायची. नवऱ्याने टाकलेली, पोटुशी असताना आलेली. इथेच बाळंत झाली, इथेच मायलेकींचा एका दिवशी बाप्तिस्मा झाला. तीन आठवड्यांपूर्वी क्षयाने गेली. मी पुरलं तिला.

मग त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी पंचांची बैठक झाली. मुलीचं काय करायचं? प्रत्येकाकडे कारण होतं, आणि खरं सांगतो, एकेकटं घेतलं तर कुठलंच खोटं नव्हतं. कुणाकडे जागा नाही. कुणाच्या घरी लहान लेकरं, आणि क्षय तो क्षय. लोंढे म्हणाले, "आमची ही ठेवून घेईल म्हणते. भांड्याकुंड्यांना हाताखाली होईल. पण शाळेचं वगैरे आम्ही नाही बघणार." तेवढं मात्र मला खटकलं, मी नको म्हणालो, आणि मोठा न्याय केल्यासारखा पाणी प्यायलो. शेवटी ठरलं, दूर परप्रांतात एक चांगलं अनाथालय आहे, तिकडे पाठवू. त्यांना पाळकाचा दाखला हवा होता. लोंढ्यांनी सुरेख अक्षरात तो लिहिला: "सदर मुलीस या गावी कोणीही पालनकर्ता नाही." मी वाचला, सही केली, मंडळीचा शिक्का मारला. सोमवारच्या गाडीने तिला न्यायचं होतं. म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

पाकिटात घालून तिच्या सामानात ठेवलेला तो दाखला शनिवारी पोरीने वाचला. चौथीत होती, वाचायला यायचंच. तशीच ती सलोमीबाईंकडे गेली आणि विचारलं, "आजी, पालनकर्ता म्हणजे कोण?" बैठकीत काय झालं याचा तोवर बाईंना पत्ता नव्हता. बायबलबाईला पंचांच्या बैठकीत कोण बोलावतं?

तर लोंढे चढ्या आवाजात म्हणाले, "तो विषय वेगळा आहे. बैठकीत निकाल झालाय. हा आमच्या घरचा मंगल प्रसंग आहे, बाई!"

"त्या दिवशी यमुनेच्या घरचाही मंगलच होता."

"पाळकसाहेब, तुम्ही पुढचं वाचा. एकीच्या नाहीने काही अडत नाही."

मी पान शोधायला लागलो. हो, लागलो. बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात टाळी वाजली. झांजा नव्हत्या, पण त्या हातांना झांजांची सवय होती. कोरड्या, हाडकुळ्या हातांची टाळी, आणि तिच्यावर आवाज चढला:

"उभे राहिला, होय म्हणाला,
देवाने ते ऐकून घेतले.
खाली बसला, विसरून गेला,
देवाने ते पाहून घेतले."

ही चाल सगळ्यांच्या ओळखीची होती, शब्द मात्र नवे. आणि मग झालं ते आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. तीस वर्षं या बाईच्या कीर्तनात त्यांनी धृपद धरलेलं. तिने हात वर केला, की गळे आपोआप उघडायचे. आताही उघडले. अर्धं चर्च गात सुटलं, "देवाने ते पाहून घेतले... देवाने ते पाहून घेतले..." पुण्याचे पाहुणेही मान डोलावू लागले. दुसऱ्या खेपेला एकेकाच्या ध्यानात आलं आपण काय म्हणतोय ते, तसा एकेक गळा बंद होत गेला. शेवटी एक बहिरे भिंगारदिवेमास्तर तेवढे डोळे मिटून गात राहिले. त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं.

सलोमीबाईंनी गाणं तोडलं. कीर्तनात तोडायच्या तसंच. आणि नावं घ्यायला लागल्या.

"शांतवन, तू होतास. नवा सदरा होता तुझा. मार्था, तू होतीस, तूच बाळाला दुपट्यात गुंडाळलंस. चिटणीस, तुम्ही सगळ्यांत मोठ्याने होय म्हणालात, तुमचा आवाजच तसा आहे. मीसुद्धा होते. मीही उभी होते! आणि काल या पोरीने मला विचारलं, आजी, पालनकर्ता म्हणजे कोण. मी तिला काय सांगू? दीडशे होते, आता कोणीही नाही, असं पाळकसाहेबांनी शिक्का मारून लिहून दिलंय?"

"पुरे!" मी ओरडलो. झगा घालून वेदीपाशी मी तेव्हा पहिल्यांदा ओरडलो. "मावशी, ही देवाची उपासना आहे!"

"मग देवाला ऐकू दे की."

तेवढ्यात रजनी एक पाऊल मागे सरली. तिने बाळाच्या डोक्यावरचं टोपडं, जे मी काढायला सांगितलं होतं, ते परत बांधलं.

"रजनी?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"मी नाही देत माझं बाळ." ती माझ्याकडे बघतही नव्हती, सासऱ्यांकडे बघत होती. "उद्या मला काही झालं तर यालाही गाडीत बसवतील. असंच पाकीट देऊन."

"सूनबाई, तोंड सांभाळा! याला आजा आहे, घर आहे!"

"मग यांचं होय कशाला हवंय, मामा? उगाच शोभेला?"

लोंढ्यांनी कोटाची बटणं लावली. मग मधल्या वाटेने बाहेर चालते झाले. पाहुणे त्यांच्या मागोमाग. कुणाला आशीर्वाद नाही, शेवटचं गीत नाही. लोक अंगणात जाऊन घोळक्याघोळक्याने कुजबुजू लागले.

मी सलोमीबाईंना झगे ठेवायच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. काय काय बोललो ते आता सांगायलाही लाज वाटते. म्हणालो, तुम्ही संस्कार विटाळलात. म्हणालो, माझा पहिला बाप्तिस्मा होता. 'माझा' म्हणालो, हे चांगलं आठवतं.

"आणि दाखला खोटा म्हणता? नऊ वर्षांपूर्वी मी इथे नव्हतोच! मी कुठलंही वचन दिलं नव्हतं!"

त्यांनी माझ्या झग्याची बाही चिमटीत धरली. "तू नव्हतास. हा होता ना? ज्याने प्रश्न विचारला, त्याच्या अंगावर हाच होता." आता अहोजाहो संपलं होतं. "बाळा, मला म्हातारीला चर्चमध्ये तमाशा करायची हौस आहे का रे? रात्रभर गुडघ्यांवर होते मी. प्रभू, मला गप्प बसव, म्हणत होते. नाही बसवलं त्याने."

"मग काल रात्रीच माझ्याकडे यायचं होतं. मी ऐकलं असतं."

"ऐकलं असतंस. समजूत घातली असतीस, प्रार्थना केली असतीस माझ्याबरोबर, आणि सोमवारी गाडी सुटली असती."

मी कोपऱ्यातलं स्टूल पुढे सरकवलं. तसंच झालं असतं.

मग त्या स्टुलावर बसल्या. राग उतरला नव्हता, पाय थकले होते. "तुला एक सांगायचं राहिलंय. सांगणार नव्हते. यमुना गेली तेव्हा मी एकटीच होते तिच्याजवळ. तू दुसऱ्याच कुठल्या बैठकीत होतास. मी विचारलं, पोरीचं काही बोलायचंय का गं, कुणाला निरोप द्यायचाय का? तर हसली. रक्त पडत होतं तोंडातून आणि हसली. म्हणाली, 'आजी, मला सुवार्तीची काळजी न्हाई. समदे उभे राहिले व्हते की.'"

बाहेर कुणाचं तरी पोर बिर्याणी मागत रडत होतं.

"मी काय म्हणाले असेन?" सलोमीबाईंनी विचारलं. "होय म्हणाले. पुन्हा एकदा होय म्हणाले मी. आता माझी दोन झाली. एक देवाला, एक तिला."

मी झगा काढला नाही. तसाच बाहेर गेलो आणि घंटेचा दोर ओढला. दुपारी बारा वाजता, उपासना मोडल्यावर. लोक चपापून आत आले. निम्मे आले म्हणा. मी पात्रापाशी उभा राहिलो. पुस्तक उघडलं नाही.

"उभे राहू नका," मी म्हणालो. "कुणीही उभं राहायचं नाही. तेवढं तुम्हाला छान जमतं. सुवार्तेसाठी दिलेलं वचन ज्याला पाळायचं आहे, त्याने इथवर चालत यायचं. बाकीच्यांनी घरी जावं. मी नाव लिहून घेणार नाही."

पंख्याला वीज नव्हती, घाम ओघळत होता. मग मार्था आली, रडत. शांतवन आला, मान खाली. भिंगारदिवेमास्तरांना बायकोने कानात ओरडून सांगितलं, तशी दोघंही आली. रजनी आली, बाळ कडेवर, दारातून हाक मारणाऱ्या नवऱ्याकडे न बघता. आणखी काही जण एक एक करत आले, आणि मग येणं थांबलं.

सुवार्ता हे सगळं बाकाजवळून बघत होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती एकदम म्हणाली, "मी कुणाच्या घरची भांडी घासायला येणार नाही." रागाने तिने दोन्ही हात मागे घट्ट बांधले. "आधीच सांगते. आणि आईचं नाव काढून कुणी रडायचं नाही माझ्यापुढे."

मार्थाने पटकन डोळे पुसले.

"किती झाले?" सलोमीबाईंनी मला विचारलं. त्यांना नीट दिसत नव्हतं.

"दहा."

"तू स्वतःला धरलंस?"

"नाही."

"मग धर."

"अकरा."

"पुरेत," त्या म्हणाल्या. "प्रभूच्या बारा शिष्यांतलेही शेवटी अकराच उरले होते."

त्या दिवसातलं हे एवढंच हसू. मीही हसलो, आणि मग मला रडू आवरेना. सुवार्तेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गपकन थांबलो.

अनाथालयाला मी एक पोस्टकार्ड टाकलं. आधीच्या दाखल्यात चूक झाली आहे, सदर मुलीस पालनकर्ते आहेत, संख्या अकरा, क्षमस्व. पोरगी सलोमीबाईंच्या खोलीत राहिली. सकाळचं जेवण एकाकडे, रात्रीचं दुसऱ्याकडे, गणित भिंगारदिवेमास्तरांकडे, ओरडून ओरडून. सोपं गेलं असं समजू नका. महिन्याभरात दोघं गळाले. एकाच्या घरात म्हणे पाहुणे आले, एकाची बायको आजारी. सलोमीबाई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि तेच धृपद सुरू करायच्या, भर बाजाराच्या दिवशी. त्यातला एक परत आला. दुसऱ्याने घर बदललं.

रजनीने मला निक्षून सांगितलं होतं, "सहा महिने बघते, पाळकसाहेब. मग आणते बाळाला."

सहा महिन्यांनी तिने आणलं. बाळ आता बसायला लागलं होतं, त्याने माझ्या झग्याची बाही मुठीत धरली ती सोडेना. लोंढे आले नव्हते. त्यांनी ते मला कधीच माफ केलं नाही, आणि सलोमीबाईंनी त्यांची माफी मागितली नाही. मी मंडळीकडे वळलो. सगळे उभे राहिले. मी प्रश्न विचारला.

उत्तर आलं नाही.

लोक एकमेकांकडे बघत होते, मग बाळाकडे. कुणी खाली फरशीकडे. तिघं जण, मी बघत असताना, खाली बसले. त्यांचा मला राग आला नाही. त्या घटकेला चर्चमध्ये त्यांच्याइतकं खरं दुसरं कुणी नव्हतं. मग कुठूनतरी एक "होय" आलं, घोगरं. मग दुसरं. एका सुरात नाही, पुस्तकातल्यासारखं नाही. एकेक जण एकेकटा म्हणत होता, जड वस्तू उचलताना माणूस हुंकार देतो ना, तसं. सगळ्यात शेवटी सलोमीबाई काठीवर भार देऊन उठल्या, दीडशे जणांकडे एकदा वळून रागाने पाहिलं, आणि होय म्हणाल्या.

मग मी पाणी घेतलं.

सुवार्ता पुढे कोण झाली, कुठे असते, ते ती सांगेल तेव्हा सांगेल. तिची गोष्ट तिची आहे. सलोमीबाईंची आठवण काढणारे अजून पुष्कळ आहेत, त्यांची कीर्तनं लोकांच्या तोंडी आहेत. माझं मागणं वेगळं आहे. आता उठाल, घरी जाल, जेवणाआधी डोळे मिटाल, तेव्हा यमुनेचं नाव घ्या. बोर्डिंगात भाकऱ्या थापणारी यमुना. तिचा ना फोटो आहे, ना कबरीवर दगड. सुवार्तेच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या चर्चमध्ये दीडशे जणांनी वचन दिलं, आणि ते खरं मानणारी ती एकटी होती. तिला विसरू नका.